पोत्यातली निम्मी गाडी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

बुद्धभूषण यास जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मला पार बाहेरच काढलंस, तिथं तुझा फोटोसुद्धा दिसत नाही. म्हणून पोस्टानं लिहितोय. पत्र निदान दारात तरी पडेल.

गैरसमज नको. मी काही मागायला लिहीत नाही. अण्णांची फियाट मी पुन्हा उभी करतोय, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी थोरल्या भावाकडून कळावं, एवढंच. आणि हेही कळावं की अण्णा गेल्यावर वाटणीच्या दिवशी तू पान्हे घेऊन बसलास आणि निम्मी गाडी ज्वारीच्या पोत्यात भरून नागपूरला घेऊन गेलास, त्या पोत्यावाचून इथं काहीही अडलेलं नाही. स्टेअरिंग, मीटर, समोरची जाळी, कार्बोरेटर, चारही व्हीलकप आणि आतला आरसा. मामा आपले गमतीनं बोलले होते, "गाडी थोरल्याला, मग धाकट्याला काय? निम्मे पार्ट दे त्याला." साऱ्या भावकीत ते खरं धरणारा तूच एक निघालास. मीही ओट्यावर उभा राहून म्हणत होतो, ने, अजून ने. ते जाऊ दे आता.

तर सांगायचं हे की आज सगळं नवं बनवून मिळतं. दिल्लीत एक जण आहे, तो जुन्या गाड्यांचे पार्ट साच्यावरून नव्यानं काढतो. मोबाईलवर फोटो बघायचा, पैसे टाकायचे, खोकं घरी. फोटोखाली 'हुबेहूब' असं लिहिलेलं असतं. महाग आहे, पण रिटायर होताना कंपनीनं दिलेले पैसे आहेत माझ्याकडं. ते काय उरावर घेऊन जायचेत?

आता म्हणशील, सहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी आत्ताच का काढली. बुद्धपौर्णिमेला ऊन लई होतं, म्हणून आईला लेणीवर नेलं नाही. मी आणि सुलेखा जाऊन आलो. परत आलो तर आई दारातच बसलेली. म्हणाली, "दसऱ्याला मला ह्यांच्या गाडीत न्या लेणीवर." अण्णा न्यायचे तसं. आठवतं ना, विद्यापीठाच्या मागं पायथ्याला गाडी लावून अण्णा बोनेट पुसत बसायचे, आणि आपण आईच्या पुढं पळत पायऱ्या चढायचो. डॉक्टरसाहेबांनी शहर सोडताना गाडीची किल्ली आपल्या ड्रायव्हरच्या, अण्णांच्या, हातावर ठेवली, सात हजारात, तेही आधीपासून पगारातून कापलेले. तेव्हा आई दोन दिवस तिच्यात बसली नव्हती. मागच्या सीटवर मालकीण बसती, मी कशी बसू, म्हणाली. अण्णांनी दार उघडून धरलं तेव्हा बसली. त्यानंतर मात्र तिनं मागची डावी बाजू कधी सोडली नाही.

रोशन गेटचा गयासभाई मिस्त्री आपल्याच गाडीवर बसलाय सध्या. इंजिन बघून खूश झाला. म्हणाला, "भाऊ, इंजन एक नंबर है. बाकी का ओरिजनल माल कुछ है क्या किसी के पास?" मी म्हणलं, नाही. मग काय सांगू, तुझं नाव सांगू?

आई बरी आहे. पाय जरा सुजतात, वयानं.

संघपाल

—

२९ जून

भूषण, जयभीम.

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहिलं होतं, म्हणून वाईट वाटायचं काही कारण नाही.

स्टेअरिंग आलं. अकरा हजार. खोकं उघडलं तर आत काय ते चमकतंय! सुलेखासुद्धा बघत राहिली. मग वास आला. टायरच्या दुकानात येतो तसला, डोकं उठवणारा. दोन दिवस ओसरीत ठेवलं तरी जाईना. तसंच गयासभाईकडं घेऊन गेलो. त्यानं ते चाक स्टेअरिंगच्या दांड्यावर ठेवलं, फिरवलं, काढलं, परत ठेवलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते बनवलंय.

दांड्याच्या टोकाला ज्या खाचा असतात, ज्यात चाक घट्ट बसतं, त्या खाचा आणि नव्या चाकाच्या खाचा जुळत नाहीत. चाकाचं भोकही बारीक. दिल्लीला फोन लावला. तिथला पोऱ्या म्हणतो, "सर, रिप्रोडक्शन में थोडा-बहुत अ‍ॅडजस्ट करना पडता है." म्हणलं, परत घे. तर म्हणे, खोकं उघडलं की परत नाही. अरे, खोकं उघडल्याशिवाय मला कसं कळणार बाबा, चाक बसतंय का नाही? त्यानं फोन ठेवून दिला.

गयासभाई म्हणाला, "दो रास्ते हैं. ये चाक वापस डब्बे में, या दांडा घिसना. एक बार घिसा तो घिसा, फिर पुराना चाक आया तो बी नहीं बैठेगा. सोच लो." मी सोचलं. जुनं कुठून येणार आहे? म्हणलं, घास. त्यानं कानस लावली आणि वरनं आडवी पिन मारून चाक बसवलं. बसलं खरं. मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. दांड्याचा भुगा खाली पडत होता तो बघवेना, म्हणून चहा सांगायला उठलो.

जाळीचंही ऐकून घे. अण्णांनी अख्खी गाडी घेतली त्याच्या दुप्पट पैसे एकट्या जाळीला गेले. मी नुसतं नख लावून बघितलं तर क्रोमचा पापुद्रा नखाबरोबर आला. मी तो परत चिकटवत होतो, वेड्यासारखा, थुंकी लावून.

आईला सांगितलं, जाळी आली. ती म्हणाली, "इकत कशाला आणतोस? हायेत की घरात."

"कुठल्या घरात?"

"आपल्याच. नागपूरच्या."

मी तिथनं उठलो. तुला हे सांगायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता लिहून गेलो. आता पान फाडत बसत नाही.

संघपाल

—

२० जुलै

भूषण,

आधीची दोन्ही पत्रं तू फोडली नसशील. विशाखा फोडत असेल. विशाखा, तू वाचत असलीस तर तुलाही जयभीम. तुझी जाऊबाई विचारत असते तुला. तू तिचा फोन घेतेस आणि "ताई, हे नावसुद्धा काढू देत नाहीत" म्हणून रडतेस, तेही मला माहीत आहे.

व्हीलकप गंजले. एक पावसाळी आठवडा फक्त. अण्णांचे चाळीस वर्षं त्याच पावसात फिरले, त्यात तोंड बघून भांग पाडायचो आपण. ह्यांच्यावर लाल ठिपके आलेत, पोराला गोवर आल्यासारखे. गयासभाई हसून म्हणाला, "भाऊ, ये चाय की बशी है. इसमें चाय पियो." त्याला काय होतंय हसायला.

मीटर बसवलं. नवं मीटर जुन्यापेक्षा थोडं मोठं निघालं, म्हणून पुढच्या पत्र्याचं भोक कापून मोठं केलं. आता गाडी जागेवर उभी असली तरी काटा साठ दाखवतो. मी म्हणलं, असू दे. निदान मीटर तरी पळतंय.

आईला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तसं काही नाही. दम लागत होता, पाणी काढलं अंगातलं. आता घरी आहे. फोनवर तिला काहीच ऐकू येत नाही, नाहीतर तुझा फोन लावून दिला असता. तू उचलला असता तर.

संघपाल

—

१७ ऑगस्ट

भूषण, जयभीम.

गाडी चालू झाली! परवा, स्वातंत्र्यदिनाला. पहिल्या सेल्फला नाही, पण झाली. तो आवाज ऐकला बघ. तोच आवाज. गयासभाईनं दोन्ही हात वर करून "या अल्ला" म्हणलं आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला पेढे आणायला पाठवलं, माझ्या पैशानं.

मी स्वतः चालवत घरी निघालो. रोशन गेट ते गारखेडा, ते काय अंतर आहे? लोक बघत होते. स्कूटीवरची पोरं मोबाईल काढून शूटिंग करत होती. मी उगाच छाती काढून बसलो होतो, अण्णा बसायचे तसं.

सेव्हन हिलच्या पुलावर बंद पडली. बरोबर मधोमध. कार्बोरेटर भरून वाहायला लागला, पेट्रोलचा वास आत कोंडला. तो कार्बोरेटर सगळ्यात महाग होता. वरनं पितळी दिसतो, आतला कसलातरी फुसका धातू, तरंगणारी डबी पहिल्याच दिवशी बुडाली. मागं हॉर्नचा कालवा. बाईकवरचा एक जण जाता जाता ओरडला, "आजोबा, म्युझियमला न्या!" मी उतरून एकटाच ढकलायला लागलो. एका हातानं स्टेअरिंग, खांदा दाराला. आणि त्या पिनवर बसवलेलं चाक इकडं तिकडं डुलतंय. मला सारखं वाटत होतं की दुसऱ्या बाजूनं कुणीतरी खांदा लावायला पाहिजे. कुणीतरी म्हणजे काय, तूच. लहानपणी डावी बाजू तुझी असायची ना. शेवटी दोन पाणीपुरीवाले आले.

तरी घरी आणली. फाटकात उभी केली, पुसली, हार घातला. सुलेखा आईला धरून बाहेर घेऊन आली. आई बोनेटवर हात फिरवत पुढं गेली, जाळीला हात लावला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. मग खिडकीतनं वाकून आत बघितलं.

"कुणाची हाय ही?"

"अगं आई, आपली!"

"आपल्या चाकाला ह्यांच्या अंगठ्याचा घट्टा हाय. गाडी उभी आसली तरी अंगठा चोळायचे तितं, खळगा पडलाय. हिचं चाक कोरं हाय. मी नाय बसत लोकाच्या गाडीत."

भूषण, मी ओरडलो तिच्यावर. म्हणलं, माझा सगळा पैसा गेला ह्यात, तुला घट्टा कुठनं आणून देऊ? तर ती शांतपणे म्हणाली, "म्या कुठं म्हणले पैसा घाल? म्या म्हणले गाडी जोडा." आणि सुलेखाचा हात धरून आत गेली.

हार सुकेपर्यंत गाडी तिथंच उभी होती. मी काय करावं ते तू सांग. नको, तू कसला सांगतोस.

दादा

—

७ सप्टेंबर

भूषण,

आज खरं लिहितो. मागल्या पत्रांत मी आईचं लपवलं. तिचं हृदय थकलंय. फार थकलंय. डॉक्टर म्हणाले, पंपिंग अगदी कमी आहे, गोळ्यांवर ढकलायचं, ऑपरेशन ह्या वयात नाही. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, ह्याचे पार्ट कुठं मिळत नाहीत का?" ते हसले. त्यांना वाटलं मी धीराचा माणूस आहे. बाहेर येऊन जिन्यावर बसलो. सुलेखानं उठवलं.

आणि दुसरं. आई बुद्धपौर्णिमेला काय म्हणाली, ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "गाडी जोडा दोघं मिळून, आन दसऱ्याला मला लेणीवर न्या." दोघं मिळून, हे मी गाळलं. ते तोंडातनं काढावंसं वाटेना आणि कागदावर तर त्याहून नाही. मला वाटलं, गाडी झाली की ती ते विसरेल. गाडीचीच हौस आहे तिला, असं मी धरून चाललो. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला कसली आलीय गाडीची हौस! उलट गाडीत बसली की मळमळतं तिला.

सुलेखा काल रात्री जेवताना फाडकन बोलली. "तुम्ही दिल्लीवरनं लोखंड आणलं, पैसा ओतला, दांडा घासला, पत्रा कापला, पण भावाला एक 'दे' म्हणाला नाहीत. ते सगळ्यात महाग पडलं असतं व्हय?" पोळी हातात तशीच राहिली माझ्या. ती खोटं बोलली असती तर भांडलो असतो.

तर आता म्हणतो. भूषण, पोतं पाठव. आईचं मन राहील. नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्ये टाकलंस की दुसऱ्या दिवशी इथं येतं, उतरवून घ्यायला मी स्वतः जाईन. चाक पाठव, बाकी काही नाही दिलंस तरी चालेल. त्याच्यावर अण्णांचा अंगठा आहे.

थोरला असून मागतोय.

दादा

—

२१ सप्टेंबर

भूषण,

रोज ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन येतो. तिथला पोरगा मला बघितलं की लांबनंच मान हलवतो. दसरा दोन तारखेला आहे.

आई आता खाटेवरच असते. उशा लावून बसवावं लागतं, आडवं झालं की दम लागतो. काल तिनं विचारलं, "लिहिलं का त्याला?" म्हणलं, लिहिलं. "काय लिहिलं?" म्हणलं, पोतं पाठव म्हणून. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्यानं परत सांगितलं, पोतं! पोतं मागवलंय! तिनं डोळे मिटून घेतले.

दादा

—

२८ सप्टेंबर

भूष्या,

पोतं आलं.

सकाळी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला. रिक्षात घालून आणलं. रिक्षावाला म्हणाला, काय आहे काका, भांडी का? म्हणलं, व्हय, भांडीच. चिठ्ठी नव्हती. मी पोतं उलटंपालटं करून, आत हात घालून, तळाशी चाचपून बघितलं. चिठ्ठी नाही. बरं.

ओसरीत चादर टाकून एकेक काढलं. मला वाटलं होतं, गंजलेलं भंगार निघेल. सहा वर्षं तू ते माळ्यावर फेकून दिलं असशील, अशीच माझी समजूत. आणि तू काय केलंयस रे? व्हीलकप वेगवेगळे जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. मी तोंड बघितलं त्यात. कार्बोरेटर तेलाच्या फडक्यात. फडकं नवं आहे, तेलही ताजं. म्हणजे तू दरवर्षी काढत होतास, पुसत होतास, परत बांधत होतास. जाळीच्या एकेका पट्टीला ग्रीस. आणि चाक अण्णांच्या तपकिरी मफलरमध्ये. तो मफलर मी अख्ख्या घरात शोधला होता, चोरा. सुलेखावरसुद्धा आळ घेतला होता.

मी ओसरीत बसून रडलो. लपवत नाही. समोरच्या घरातली लीलाबाई बघत होती, बघू दे.

मग गयासभाईला बोलावलं. तो हत्यारं घेऊन घरी आला. त्यानं चाक हातात घेतलं, फिरवून बघितलं, "वाह" म्हणाला. दिल्लीचं चाक काढलं, हे दांड्यावर ठेवलं आणि हळूच फिरवलं. चाक फिरलं. दांडा फिरेना. तुझ्या चाकाच्या खाचा जशाच्या तशा आहेत, पण दांड्याला खाचा आहेतच कुठं? त्या मी घासायला लावल्या. चाक नुसतंच गरगर फिरतंय, लहान पोराच्या खेळण्यातल्यासारखं. मीटर लावायला गेलो तर ते मोठ्या केलेल्या भोकातनं आत पडलं. जाळीचे स्क्रू जिथं होते तिथं आता दुसरी भोकं आहेत, जुनी बुजवून वर रंग मारलाय.

"दुसरा दांडा?" मी विचारलं.

"नया बनाते दिल्लीवाले," गयासभाई म्हणाला. आणि मग मान खाली घालून हत्यारं गोळा करायला लागला. "भाऊ, मैंने तुमकू पहिले दिन पूछा था. ओरिजनल है क्या किसी के पास. तुम बोले, नहीं. होता बोलते तो मैं कानस कू हाथ नहीं लगाता था." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. पैसेही घेतले नाहीत त्यानं, चहा अर्धा ठेवून गेला.

व्हीलकप तेवढे बसले. आरसाही बसला. कार्बोरेटर बसवलाच नाही, चाकाशिवाय गाडी नेणार कुठं?

खरी वस्तू आली आणि मी तिला जागाच ठेवली नाही, भूष्या. मला दुसरं काही सुचत नाहीये.

दादा

—

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

भूष्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नागपूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देतोय. तुझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिलाय, सकाळी तो स्वतः दारात आणून देतो म्हणाला. तुला फोन लावून झाला. पाच-सहा वेळा. विशाखाचाही बंद येतोय.

उद्या दसरा. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं, लेणी लांबची गोष्ट, त्यांना फाटकाबाहेरसुद्धा नेऊ नका. मी आईच्या कानाशी बसून सांगितलं, आई, ह्या वर्षी नाही जमायचं. गाडीही चालत नाही. चाक बसत नाही. दांड्याचं काय केलं तेही सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "नेसव मला."

सुलेखानं तिला उद्यासाठी काढून ठेवलेलं पांढरं लुगडं नेसवलं. मी आणि शेजारचा ऋतुराज, दोघांनी खुर्चीसकट उचलून तिला शेडमध्ये नेलं. मी मागचं दार उघडून धरलं. ती डावीकडं बसली, मालकिणीच्या जागेवर. पाठीला उशा लावल्या. म्हणाली, "चाक दे." सुट्टं चाक तिच्या मांडीवर दिलं. तिनं कडेवरनं बोटं फिरवत फिरवत तो घट्टा शोधला आणि त्यात आपला अंगठा ठेवला. केवढासा अंगठा आहे तिचा, अण्णांच्या त्या खळग्यात अगदी हरवून गेला.

मी पोतं तिच्यापुढं धरलं. एकेक वस्तू दाखवली. हे मीटर बघ आई. ही जाळी. हा कार्बोरेटर. भूषणनं किती जपलंय बघ, कुठं डाग नाही. मला वाटत होतं, ती खूश होईल. आपल्या लेकानं पाठवलंय म्हणून तरी.

तिनं रिकाम्या पोत्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरनं फाटकाकडं बघितलं. बराच वेळ.

"बाकीचं?" म्हणाली.

"सगळं आलंय आई. पोत्यात आता काही नाही."

"नाय," ती म्हणाली. "बाकीचं कुठंय?"

मी पोतं झटकून दाखवलं तिला. दोनदा झटकलं. काय करू मी? इतकी वर्षं मशिनवर काम केलं, पण त्या वेळी माझ्या हातांना दुसरं काही करताच येईना. सुलेखा तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

मी चुकीचं मागवलं. तिनं एकदाही पोतं मागितलं नव्हतं. आणि तूही माझाच भाऊ, मी मागितलं तेवढंच मोजून पाठवलंस.

आता मला पार्ट नको आहेत. ती गाडी परत रस्त्यावर येणार नाही, मला माहीत आहे, आणि तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. माझ्याकडं बघूसुद्धा नकोस. पुढं ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बस फक्त. चाक तिच्या मांडीवर आहे, ते ती तुला देईल.

अंधार पडत आलाय. शेडमध्ये बल्ब लावून दिलाय. डास आहेत, गारवा आहे, डॉक्टरांनी हे असलं काही करू नका म्हणून बजावलंय. मी तीनदा म्हणलं, आई, चल आत. ती म्हणते, बसते जरा, येईल तो.

भूष्या, मला तिला उतरवता येईना रे.

दादा